श्रद्धा आणि समूहाच्या आधाराने दारू सोडताना पहिले ९० दिवस कसे बसवायचे?

सावली

धाकट्या भावासाठी विचारते आहे. वय ३८, दारू रोजची होती. डॉक्टरांच्या देखरेखीखाली डिटॉक्स (शरीरातून दारू सुरक्षितपणे उतरवण्याचा उपचार) पूर्ण होत आलंय, पुढच्या आठवड्यात घरी येईल. श्रद्धाळू आहे, आणि या वेळी श्रद्धेच्या वाटेने, चार लोकांच्या सोबतीने सोडायची असं त्याने स्वतःच ठरवलंय.

देवासमोर घेतलेली कायमची शपथ याआधी मोडली आहे. पुन्हा शपथ घ्यावी का? प्रार्थना कशी करावी, म्हणजे ऐन तलफेच्या वेळी तिचा उपयोग होईल?

त्याच्या प्रार्थना-मंडळातले एक ज्येष्ठ म्हणतात, गोळ्या लागतात म्हणजे श्रद्धा कमी पडते. डॉक्टरांनी तर डायसल्फिराम आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या चालू ठेवायला सांगितल्या आहेत. शिवाय एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची संघटना) मिटिंगला जायचं की मंडळातच राहायचं, हाही प्रश्न आहे. आणि आम्ही घरच्यांनी काय करायचं, काय टाळायचं?

'धीर धरा' एवढंच नको, रोजच्या दिवसाचं सांगा.

किनारा

ताई, आधी गोळ्यांचं बोलू, कारण तिथली चूक जिवावर बेतते. श्रद्धा आणि औषध यांच्यात निवड करायला लावणारा माणूस कितीही ज्येष्ठ असला तरी या बाबतीत त्याचं ऐकू नका. एएची स्वतःचीही भूमिका हीच आहे की कुणा सभासदाने डॉक्टर होऊ नये.

डायसल्फिराम तलफ कमी करत नाही, हे भावाला नीट माहीत हवं. दारू पचताना शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार होतं, आणि ही गोळी ते पुढे मोडू देत नाही. त्यामुळे गोळीवर दारू गेली की चेहरा लालबुंद होतो, छातीत धडधडतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. गोळी सुरू करण्याआधी किमान १२ तास पोटात दारू नसावी लागते, आणि शेवटच्या गोळीनंतरही दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम होऊ शकतो. खोकल्याची काही औषधं आणि माउथवॉश यांत अल्कोहोल असतं, ते लेबल वाचूनच घ्या. उपासनेत वाइनचा घोट घेण्याची रीत असेल तर धर्मगुरूंना आधी भेटून सांगा, पर्याय बहुतेक ठिकाणी निघतो. यकृताच्या तपासण्या डॉक्टर सांगतील त्या वेळी करायच्या. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

या गोळीचा खरा फायदा असा की दारू प्यायची की नाही हा निर्णय दिवसभर पुन्हा पुन्हा करावा लागत नाही, सकाळी एकदाच होतो. म्हणून ती सकाळच्या प्रार्थनेला जोडा. प्रार्थना झाली की भावानेच निवडलेल्या घरातल्या एका माणसासमोर गोळी घ्यायची. कुणाच्या तरी समोर घेतलेलं डायसल्फिराम एकट्याने घेतल्यापेक्षा जास्त टिकतं. मनातून दारूकडे पाऊल वळू लागलं की पहिली चुकते ती गोळी, आणि ते त्या माणसाच्या लगेच लक्षात येतं.

व्हिटॅमिनमधलं मुख्य म्हणजे बी-१, म्हणजे थायमिन. फार दिवस दारू पिणाऱ्याच्या शरीरात ते खूप कमी असतं. ते भरून निघालं नाही तर मेंदूवर परिणाम होतो: तोल जातो, डोळ्यांची हालचाल बिघडते, माणूस गोंधळतो, पुढे स्मृती कायमची जाऊ शकते. जेवू लागला म्हणून डॉक्टरांना न विचारता ते बंद करू नका.

पहिल्या काही महिन्यांत कडक उपवास नकोत. साखर उतरली की चिडचिड होते, हात कापतात, आणि मेंदू त्यालाच तलफ समजतो. उपवास महत्त्वाचा वाटत असेल तर अन्न सोडण्याऐवजी मौन किंवा सेवा असं काही निवडा.

इतर वाचणाऱ्यांसाठी: रोज पिणाऱ्या माणसाला थेट एखाद्या निवासी साधना-शिबिरात नेऊन दारू बंद करू नका. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. ४८ ते ९६ तासांत भ्रम, ताप, प्रचंड थरथर अशी अवस्था येऊ शकते, तिला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार नसतील तर ती जीव घेते. आधी असे झटके येऊन गेले असतील तर पुढच्या वेळी धोका वाढतो. पहिला आठवडा डॉक्टरांचा, साधना त्यानंतर. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्यांची सवय असेल तर त्याही एकदम तोडायच्या नाहीत. आणि व्यसन ओपिऑइडचं (अफू, हेरॉइन यांसारख्या पदार्थांचं) असेल तर काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते, जुना डोस त्या वेळी जीवघेणा ठरतो. त्या लोकांच्या घरी नालोक्सोन (ओपिऑइडचा अतिडोस उतरवणारं औषध) असावं.

पायवाट

शपथेबद्दल.

कायमची शपथ मोडते तेव्हा दारूइतकाच घात अपराधीपणा करतो. 'देवाशी खोटं बोललो, आता तोंड कुठे दाखवू' असं म्हणत माणूस पहिल्या पेल्यानंतर थांबत नाही, आणि ज्या दारात मदत मिळाली असती तेच दार टाळतो. अ‍ॅलन मार्लट या मानसशास्त्रज्ञाने रिलॅप्सच्या, म्हणजे सोडलेलं व्यसन पुन्हा सुरू होण्याच्या, अभ्यासात नेमकी ही साखळी मांडली आहे: एक घसरण, तिच्यावरून स्वतःबद्दल काढलेला 'मी असाच' हा निष्कर्ष, आणि मग पूर्ण कोसळणं. म्हणून शपथ आयुष्यभराची नको, आजच्या दिवसाची. एएमध्ये 'फक्त आजचा दिवस' म्हणतात ते याचसाठी. सकाळी मागायचं ते एवढंच: आज पहिला पेला नको. रात्री आभार मानायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

तलफेच्या क्षणाची प्रार्थना वेगळी. तलफ लाटेसारखी चढते आणि बहुतेक वेळा १५ ते ३० मिनिटांत ओसरते. त्या वेळी लांबलचक स्तोत्र आठवत नाही, म्हणून दोन ओळींची प्रार्थना आधीच पाठ हवी. ती म्हणून लगेच जागा बदलायची, पोटात काही खायचं, आणि फोन लावायचा. क्रम हाच: प्रार्थना, जागा, खाणं, फोन. एकट्याने डोळे मिटून तलफेशी झुंजत बसलं की बहुतेकदा मन सौदा करायला लागतं, 'आज शेवटचं, मग उद्यापासून'. फोन तो सौदा मोडतो, कारण दुसऱ्या माणसासमोर तो मोठ्याने बोलावा लागतो.

एएची सुरुवातच याची साक्ष आहे. एएचे एक संस्थापक बिल विल्सन यांना १९३४ च्या डिसेंबरमध्ये रुग्णालयात अतिशय तीव्र आध्यात्मिक अनुभव आला आणि त्यांनी दारू सोडली. तरीही पाच महिन्यांनी, मे १९३५ मध्ये, अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमध्ये धंद्याचा व्यवहार फसला आणि हॉटेलच्या लॉबीत एकटे असताना शेजारचा बार त्यांना ओढू लागला. त्यांनी काय केलं? लॉबीतल्या फलकावरची धर्मगुरूंची यादी पाहून फोन लावले आणि दारूच्याच विळख्यात असलेला दुसरा माणूस शोधला. ते डॉ. बॉब स्मिथ. त्यांचा शेवटचा पेला १० जून १९३५ चा, आणि एए तोच आपला स्थापना दिवस मानते. एवढा मोठा अनुभव पाठीशी असूनही त्या संध्याकाळी विल्सन यांना वाचवलं ते एका माणसाशी झालेल्या बोलण्याने. तुमच्या भावाची श्रद्धा खरी आहे याबद्दल मला शंका नाही. तिला माणसांची जोड मात्र हवी.

एएच्या बारा पायऱ्यांचं थोडक्यात. पहिल्या तीन म्हणजे हतबलता मान्य करणं, आपल्याहून मोठ्या शक्तीवर विश्वास आणि तिच्या हाती स्वतःला सोपवणं. श्रद्धाळू माणसाला या सोप्या वाटतात आणि तो तिथेच रेंगाळतो. खरं काम चौथीपासून सुरू होतं: कागदावर लिहिलेला स्वतःचा हिशोब. रकाने आखायचे: राग कुणाचा, कशामुळे, त्याने माझं काय दुखावलं, आणि त्यात माझा वाटा कोणता. शेवटचा रकाना कोरा राहिला तर पायरी झालेली नाही. पाचवीत तो हिशोब एका विश्वासू माणसाला वाचून दाखवायचा. आठवी-नववी ज्यांचं नुकसान केलं त्यांची भरपाई, पण ती केल्याने त्यांना किंवा तिसऱ्याला इजा होणार असेल तर नाही. नववी पायरी पहिल्या महिन्यात उत्साहाच्या भरात करायला जाऊ नका. समोरचा माफ करेलच असं नाही, आणि तो धक्का पचवायची ताकद अजून आलेली नसते. दहावी म्हणजे रोज रात्रीचा छोटा हिशोब, ती मात्र पहिल्या दिवसापासून चालेल: आज कुणावर चिडलो, कुठे खोटं बोललो, कुणाशी बोलायचं राहिलं.

मोकळा_श्वास

एए की मंडळ या प्रश्नावर माझं मत: दोन्ही, पण कामं वेगळी. मंडळात उपासना, एएमध्ये दारूबद्दल बोलणं. मंडळातल्या सज्जन माणसांना तलफ म्हणजे काय ते कळत नाही, ते उपदेश करतात. मिटिंगमधल्या माणसाला अर्धं वाक्यही पुरतं.

मंडळात सगळ्यांसमोर कबुली द्यायची गरज नाही. दोनच माणसांना सांगा, तीही जी ऐकून पोटात ठेवतील अशी. सर्वांसमोरच्या कबुलीनंतर टाळ्या मिळतात, पुढे माणूस 'बरा झालेला' म्हणून मिरवला जातो आणि घसरला तर सांगायला जागा उरत नाही.

एएचा पुरावाही आहे. २०२० च्या कोक्रेन आढाव्यात (अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या अहवालात) २७ अभ्यास आणि १०,५६५ सहभागी होते. एएशी रीतसर जोडून देणाऱ्या उपचारांत वर्षभरानंतर सतत दारूमुक्त असलेले सुमारे ४२ टक्के, इतर उपचारांत सुमारे ३५ टक्के. फरक चमत्कारासारखा नाही, पण खरा आहे. यातला 'जोडून देणं' हा भाग महत्त्वाचा. 'जा कधीतरी मिटिंगला' म्हणून काही होत नाही. पहिल्या मिटिंगला कुणीतरी सोबत जातं, नंबर घेतले जातात, दुसऱ्या दिवशी फोन होतो, तेव्हा माणूस टिकतो.

'९० दिवसांत ९० मिटिंगा' हा एएचा नियम नाही, रूढ सल्ला आहे. जमलं तर उत्तम. नोकरीमुळे जमत नसेल तर आठवड्याला चार मिटिंगा आणि उरलेल्या दिवशी एक फोन, यापेक्षा खाली जाऊ नका. एकच मिटिंग पाहून 'आपल्यासाठी नाही' असं ठरवू नका, प्रत्येक ग्रुपचा स्वभाव वेगळा असतो. पाच-सहा मिटिंगा वेगवेगळ्या ठिकाणी करा आणि मग एक होम ग्रुप, म्हणजे नेहमी जायचा आपला गट, धरा. खुल्या मिटिंगला घरचेही जाऊ शकतात, बंद मिटिंग फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी.

स्पॉन्सर (पायऱ्यांमध्ये वाट दाखवणारा जुना सभासद) निवडताना तो किमान एक वर्ष सलग दारूमुक्त असावा, त्याचाही स्पॉन्सर असावा, आणि पुरुषाला पुरुष, स्त्रीला स्त्री हा संकेत पाळावा. त्याच्याशी पैशांची देवघेव नको.

ग्रुप कुठलाही असो, धार्मिक किंवा एए, पुढचं काही दिसलं तर बाहेर पडा: औषध बंद करायला लावणं, घरच्यांशी संबंध तोडायला सांगणं, ठरावीक दिवसांत कायमचं बरं करण्याची हमी, मिटिंगमधली गोष्ट बाहेर फुटणं, सगळे निर्णय एकाच माणसाच्या हाती असणं, किंवा मोठी रक्कम मागणं. एएमध्ये सभासद होण्याची फी नाही, झोळी फिरते ती स्वखुशीची.

आपल्या धर्माच्या भाषेत हेच काम करणारे गटही आहेत. मुस्लिमांसाठी मिल्लती इस्लामी १९८९ पासून, ख्रिश्चनांसाठी सेलिब्रेट रिकव्हरी १९९१ पासून, बौद्ध ध्यानावर आधारलेला रिकव्हरी धर्म २०१९ पासून. देव ही कल्पनाच मानत नसलेल्यांसाठी स्मार्ट रिकव्हरी. आणि एएमध्येही 'उच्चशक्ती' कुठली ते कुणी ठरवून देत नाही, अनेक नास्तिक सभासद ग्रुपलाच ती शक्ती मानतात.

उंबरठा

घरच्यांसाठी काही गोष्टी, ताई.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची: डायसल्फिराम जेवणात किंवा पेयात गुपचूप मिसळून देऊ नका. अनेक घरांत हे प्रेमापोटी होतं. त्याला माहीत नसताना तो प्यायला तर जीव जाऊ शकतो, आणि वाचला तर घरच्या अन्नावरचा विश्वास उडतो. ही गोळी त्याच्या संमतीनेच.

देवाचा धाक दाखवू नका. 'देव बघतोय', 'एवढं करून पुन्हा प्यायलास तर देव माफ करणार नाही' ही वाक्यं त्याला प्रार्थनेपासूनच तोडतात. त्याची श्रद्धा हे त्याचं आधाराचं ठिकाण आहे, ते तुमच्या हातातलं हत्यार होऊ देऊ नका.

घरातली दारू पूर्ण बाहेर काढा, पाहुण्यांसाठी ठेवलेलीही. त्याच्या तोंडाचा वास घेणं, खिसे तपासणं, फोन चाळणं बंद करा. त्याऐवजी शांतपणे ठरवून घ्या की गोळी एकासमोर, आणि मिटिंगला जाताना-येताना एक मेसेज. पैशाचं आधी बोलून ठेवा: पहिले तीन महिने हातात रोजच्या खर्चापुरतेच. जुनं कर्ज तुम्ही फेडू नका, कामावर 'बरं नाही' असा खोटा फोन करू नका. परिणाम त्याच्यापर्यंत पोहोचू द्या, फक्त जिवाला धोका असेल तिथे मध्ये पडा.

रिकाम्या संध्याकाळी धोक्याच्या. दारूची जी वेळ होती नेमकी तीच वेळ मिटिंगने किंवा मंडळातल्या सेवेने भरा. खुर्च्या लावणं, चहा देणं, झाडलोट अशी अंगमेहनतीची, लोकांत राहायला लावणारी कामं चांगली. खजिना सांभाळणं किंवा व्यासपीठावरून बोलणं पहिल्या वर्षात नको.

झोप बरेच आठवडे बिघडलेली राहते, तेव्हा रात्री तो उठून बसला तर घाबरू नका. झोपेची गोळी मात्र डॉक्टरांशिवाय नाही, तिचंच नवं व्यसन लागतं.

आणि तुम्ही स्वतः अल-अ‍ॅनॉनला जा. घरच्यांसाठीची ही संघटना १९५१ पासून आहे. तिथे पहिली गोष्ट शिकवतात ती ही: हे तुम्ही घडवलं नाही, तुमच्या ताब्यात नाही, आणि बरं करणं तुमच्या हातात नाही. तुमचं मन त्याच्या रोजच्या चेहऱ्यावर टांगलेलं राहिलं तर घरातल्या ताणानेही तो घसरू शकतो. तो गेला नाही तरी तुम्ही जा.

सावली

सगळ्यांचे मनापासून आभार. गोळी आणि सकाळची प्रार्थना एकत्र, हे आजच त्याला सांगितलं, पटलं. दोन गोष्टी राहिल्या. तो चारचौघांत बोलायला फार लाजतो, मिटिंगमध्ये बोलावंच लागतं का? आणि मध्येच प्यायला तर त्या दिवशी नेमकं काय करायचं?

किनारा

बोलावंच लागत नाही. पाळी आली की 'आज फक्त ऐकतो' एवढं म्हटलं तरी चालतं, कुणी आग्रह धरत नाही. नाव सांगायचं तर पहिलंच पुरतं. लाजणाऱ्या माणसाने दहा मिनिटं आधी जावं आणि खुर्च्या लावायला हात द्यावा, ओळखी तिथेच होतात. मिटिंग संपल्यावरची पंधरा मिनिटंही चुकवू नयेत. नंबर तेव्हाच मिळतात. पहिल्याच दिवशी तीन नंबर घ्यायचे आणि त्यांतल्या एकाला काही कारण नसताना दुसऱ्या दिवशी फोन करायचा. चांगल्या दिवशी फोन करायची सवय नसेल तर वाईट दिवशी हात उचलत नाही.

घसरणीचा कागद तो शुद्धीत आणि शांत असताना, त्याच्याच हस्ताक्षरात लिहून घ्या. त्यात पाच गोष्टी: धोक्याच्या खुणा (मिटिंग टाळणं, गोळी चुकणं, प्रार्थना सोडणं, जुन्या मित्रांचे फोन), स्पॉन्सरचा नंबर, डॉक्टरांचा नंबर, रात्री कुठे झोपायचं, आणि घरच्यांनी काय बोलायचं नाही. कागदाची एक प्रत त्याच्याजवळ, एक तुमच्याजवळ.

प्यायला तर त्या रात्री वाद घालू नका, तो लक्षात राहत नाही. गोळी चालू असेल आणि छातीत दुखणं, धाप, भोवळ यांपैकी काही असेल तर थेट रुग्णालय, आणि डायसल्फिराम घेतो हे तिथे पहिल्या वाक्यात सांगा. बेशुद्ध वाटला, हाक मारून उठत नसेल, श्वास मंद असेल तर कुशीवर वळवा आणि रुग्णवाहिका बोलवा, झोपून उतरेल म्हणून वाट पाहू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांना फोन. त्यांनी सांगेपर्यंत नवी गोळी नाही, कारण पोटात अजून दारू असू शकते. आणि सलग काही दिवस प्यायला असेल तर दारू पुन्हा घरीच तोडायची नाही, डिटॉक्स नव्याने करावं लागेल का ते डॉक्टर ठरवतील. एका रात्रीचंच असेल आणि डॉक्टरांनी घरी राहायला हरकत नाही म्हटलं, तर त्याच संध्याकाळी मिटिंग. तिथे कुणी रागावणार नाही, नवीन आलेल्यासारखी पहिली रांग त्याला मोकळी असते.